म्हणतात की म्हणायचे

“पेन्सिल सेल, दोन,” दुकानाच्या फळीवर बोटांनी तबला वाजवत स्पृहा म्हणाली, आणि सीतारामशेठनी मागे न बघता बरोबर त्याच खोक्यात हात घातला. “तुझे आजोबा इथूनच न्यायचे,” ते म्हणाले. “दरवेळी घासाघीस करायचे, वर म्हणायचे, सीतारामशेठ, सेल संपतात पण तुमचं कौतुक संपत नाही. मोठा माणूस. आता घरात रेडिओ कोण ऐकतं गं?” एवढंच. धायरीतल्या वाण्याच्या दुकानात संध्याकाळच्या गर्दीत माणूस जेवढं बोलतो तेवढंच. पण स्पृहाचा तबला थांबला. न्यायचे. करायचे. म्हणायचे. जिन्यावरून भांडं घरंगळत यावं तशी ती तीन क्रियापदं तिच्या पोटात उतरली, आणि शेवटचं तळाशी पोचल्यावरही गरगरत राहिलं. म्हणायचे. मंगळवारी आकाशवाणीच्या त्या बंद खोलीत, मायक्रोफोनसमोर बसून आपण नक्की काय बोललो? ‘आमचे अण्णा म्हणतात’ असं बोललो, की ‘आमचे अण्णा म्हणायचे’? सेल मुठीत घेऊन ती फाट्याकडे चालायला लागली, पीएमटीने मागून भोंगा वाजवला, एका रिक्षावाल्याने “ताई, झोपेत आहात का?” असं अत्यंत आदराने विचारलं, आणि तिला काही म्हणजे काही आठवेना.

स्पृहाला न आठवणं ही गोष्टच नवी होती. दहावी ‘ब’मधली स्पृहा म्हणजे चालता-बोलता टेपरेकॉर्डर, असं वर्गशिक्षिका म्हणत आणि त्यातल्या ‘बोलता’वर जरा जास्तच जोर देत. पण हीसुद्धा गेल्या वर्ष-दीड वर्षातली मजा. त्याआधी तिने हजेरीला दिलेली ‘ओ’ पहिल्या बाकाच्या पुढे जात नसे. तो आवाज अण्णांनी बाहेर काढला. अण्णा म्हणजे तिचे आजोबा. कानांनी अधू, जिभेने ठणठणीत. संध्याकाळी पेपर तिच्या मांडीवर टाकायचे आणि म्हणायचे, “मोठ्याने वाच. मी बहिरा आहे, मूर्ख नाही. पुटपुटून फसवता येणार नाही.” मग ती अग्रलेख ओरडून वाचायची, खालच्या मजल्यावरचे लोक पेपरचे पैसे वाचवायचे, आणि एक दिवस शाळेच्या संमेलनात माइक बंद पडला तेव्हा तिने माइकशिवाय अख्खं मैदान सांभाळलं. टाळ्या! त्या दिवसापासून तिला स्वतःचा आवाज इतका आवडायला लागला, की आंघोळ करतानासुद्धा ती सूत्रसंचालन करायची. साबणाची ओळख करून द्यायची, टॉवेलचे आभार मानायची. आकाशवाणीवर विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात पाच मिनिटं बोलायला शाळेने तिचं नाव पाठवलं, तेव्हा तर ती दोन दिवस जमिनीवरच नव्हती. आणि आज तोच लाडका आवाज तिच्या गळ्यात दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा बसला होता. त्याने काय केलंय ते तो सांगत नव्हता.

कारण साधं होतं आणि भयंकर होतं. अण्णांना जाऊन महिना होत आला होता, आणि अमेरिकेतल्या माधवकाकाला, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलाला, ते माहीत नव्हतं. हे आजीने ठरवलं. अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं त्या संध्याकाळी बाबांनी फोन हातात घेतला, तर तिने तो काढून घेतला. “माधवला नाही,” ती म्हणाली. “अगं आई, वडील गेलेत त्याचे,” बाबा म्हणाले. “मला सांगतोस?” आजी म्हणाली, आणि तेवढ्यावर तो विषय संपला. प्रियदर्शनीकाकूला आठवा महिना लागायचा होता. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोनदा सगळं होत्याचं नव्हतं झालं होतं. आता डॉक्टरांनी पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही, मनाला धक्का नको, असं बजावलेलं. तिकडे त्यांचं म्हणून कोणी नाही. काकाच्या व्हिसाचे कागद अडकलेले; एकदा देशाबाहेर पडला की परत कधी आत घेतील त्याचा नेम नाही. आणि ऐकलं की तो निघणार, कोणी कितीही अडवलं तरी निघणार, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. तिने गुरुजींना एकच गोष्ट विचारली होती: ज्याने ऐकलंच नाही त्याला सुतक असतं का? गुरुजी म्हणाले, परमुलुखातल्या मुलाला ऐकल्यापासून दहा दिवस, मग ऐकणं महिन्याने होवो नाहीतर वर्षाने. “म्हणजे ऐकेपर्यंत नाही,” आजी म्हणाली, आणि तिथून पुढे घरात ‘ऐकणं’ हा साधा शब्द राहिला नाही. सुतक हवेतून नाही, रक्तातून नाही, कानातून लागतं, असं स्पृहाच्या डोक्यात बसलं. नातेवाइकांना एकेकाला फोन करून तंबी दिली. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकायची नाहीत. त्या ग्रुपमधल्या सुप्रभातांना कंटाळून काका केव्हाच बाहेर पडला होता, हे नशीबच.

पण रविवारचा व्हिडिओ कॉल होताच. अण्णा तसे कधीच फोनवर येत नसत. “काचेतल्या माणसाशी ओरडायला मी काय वेडा आहे?” असं म्हणून ते आतल्या खोलीत रेडिओला कान लावून बसत, आणि काका दरवेळी विचारी, “अण्णा काय करतायत?” आणि बाबा सांगत, “रेडिओ ऐकतायत.” वर्षानुवर्षं हेच. त्यामुळे आता खोटं असं काही बोलावंच लागत नव्हतं. फक्त तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. कॉल यायच्या आधी आजी कपाटातून मंगळसूत्र काढून गळ्यात घाली, टिकली लावी, पदर नीट करी, आणि खुर्चीत ताठ बसे. आणि स्पृहाचं काम म्हणजे आतल्या खोलीत जाऊन रेडिओ लावायचा. मोठ्याने, बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल इतका मोठ्याने, म्हणजे तो फोनमधून तिकडेही जायला हवा. रिकामी खोली, खिडकीशी अण्णांची खुर्ची, तिच्यावर कोणी बसायचं नाही असं कोणीच सांगितलेलं नव्हतं तरी कोणी बसत नव्हतं, आणि त्या खुर्चीला कोणीतरी शेतीविषयक सल्ला देतंय. पहिल्या रविवारी स्पृहाला त्यात जरा नाटकाची मजा वाटली होती, हे ती आता स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हती. दुसऱ्या रविवारी बाबा बाहेरून सहज म्हणाले, “हो, ऐकतायत, तूच ऐक ना आवाज,” आणि रेडिओ बंद करायला गेलेला तिचा हात मध्येच थांबला. क्षणभर तिला खात्रीने वाटलं, की आता मागे वळलं तर खुर्चीवर कोणीतरी असेल, आणि त्याला आपण रेडिओ बंद केल्याचा राग येईल. तेव्हापासून कॉल संपला तरी ती रेडिओ लगेच बंद करत नसे. सेल लवकर संपायला लागले ते त्यामुळे.

आणि गेल्या रविवारी त्याच कॉलमध्ये माधवकाका उत्साहाने म्हणाला, “अरे दादा, तुला सांगायचं राहिलं. आकाशवाणी पुणं लागतं इथे! त्यांच्या अ‍ॅपवर. भांडी घासताना लावतो मी. परवा सांगली-कोल्हापूरचा बाजारभाव ऐकला, गुळाचा दर ऐकून डोळ्यांत पाणी आलं यार. आपल्या स्पृहाचं पण ऐकणार, तुमची रविवार सकाळ म्हणजे आमची शनिवार रात्र. प्रियूला पण ऐकवतो.” सगळे हसले. आजीसुद्धा टिकलीखाली हसली. त्या हसण्यात कोणाच्या काही लक्षात आलं नाही, स्पृहाच्या तर नाहीच. तिला एवढंच वाटलं, की आपला आवाज समुद्र ओलांडणार! फोन घरातल्यांच्या ताब्यात होता. ग्रुप ताब्यात होता. आत्या, मामा, सोसायटीतले लोक, सगळे ताब्यात होते. रेडिओ हा आतल्या खोलीतला, घरातला, आपल्या बाजूचा. तो बाहेरच्या बाजूनेही उघडतो, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

रात्री बीजगणिताचं पुस्तक उघडं ठेवून तिने पुन्हा त्या खोलीत शिरायचा प्रयत्न केला. दाराला जाड रबराची कड, ते बंद झालं तेव्हा कानात कापूस घातल्यासारखं झालं होतं. भिंतींना बारीक बारीक भोकं. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या शालन मॅडम, केसांत अबोली, हातात चहा. लिहिलेलं भाषण महिन्यापूर्वीच देऊन मंजूर झालेलं, अण्णा होते तेव्हाचं. आणि त्यात वाक्य होतं: ‘आमचे अण्णा म्हणतात, रेडिओ हा घरातला एकमेव माणूस आहे, जो मला मध्येच तोडत नाही.’ म्हणतात. कागदावर ‘म्हणतात’ होतं, तिच्याच अक्षरात. पण ती कुठे कागदाकडे बघत होती? शालन मॅडमनीच सांगितलं होतं, “बाळा, पानाचा आवाज येतो. पाठ आहे ना? मग बाजूला ठेव. वाचू नकोस, बोल.” आणि ती बोलली! जीव ओतून बोलली! त्या वाक्याशी तिचा घसा जरा भरला होता, हे आठवतं. काचेमागून आवाज आला, “तेवढं वाक्य परत घे. छान आहे ते.” म्हणजे ते वाक्य दोनदा बोललं गेलं. दोन वाक्यं. एकात कदाचित अण्णा होते, दुसऱ्यात कदाचित नव्हते. महिनाभर घरात दोन भाषा चालल्या होत्या; जेवताना, कपडे वाळत घालताना सगळे ‘म्हणायचे, करायचे, जायचे’ बोलत, आणि फोन वाजला की क्षणात ‘म्हणतात, करतात, जातात’वर येत. आई तर एकदा फोनवर ‘अण्णांना कारलं आवडाय… आवडतं’ असं बोलून गेली होती आणि मग खोकली होती. स्टुडिओतल्या त्या लाल दिव्याखाली आपण कोणत्या भाषेत होतो? ती डोळे मिटून दोन्ही वाक्यं मनात म्हणून बघे, आणि दोन्ही खरी वाटत. जितक्यांदा म्हणावं तितकी जास्त खरी वाटत.

शुक्रवारी शाळेतून येताना तिने शेवटी अपेक्षाला सांगितलं. अपेक्षा त्यांच्याच इमारतीतली, वर्ध्याची; तिचे वडील बदलीने इथल्या कारखान्यात आले त्याला तीन वर्षं झाली, तरी तिची भाषा काही पुण्याला शरण आली नव्हती. “काहून एवढी टेन्शन घेऊन राहिली?” पार्किंगमधल्या स्कूटरवर बसत ती म्हणाली. “एका शब्दाचं कोण काय पकडते? तुमच्या पुण्यातच लोकं शब्द पकडतात. तिकडं अमेरिकेत गेल्यावर सुधरले असतील.”

“माझा काका पुण्याचाच आहे. दुकानाच्या पाटीतला ऱ्हस्व-दीर्घ पकडतो तो.”

“मग घरी सांगून दे ना सरळ.”

“आजीला सांगू? काय सांगू? की तू महिनाभर टिकल्या लावून जे सांभाळलंस, ते मी पाच मिनिटांत…” अपेक्षाने थोडा वेळ पाय हलवले. मग तिला काहीतरी सुचलं, तिने फोनवर ते अ‍ॅप लावलं आणि स्पृहाला घरातला रेडिओ आणायला लावला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, स्टेशन तेच. रेडिओवर बाई म्हणाल्या, आता ऐकू या नाट्यसंगीत, आणि पेटी सुरूसुद्धा झाली; फोनवर मात्र अजून आधीचीच जाहिरात चालू होती. खूप वेळाने, निदान स्पृहाला तरी तो खूप वाटला, फोनमधून त्याच बाई त्याच सुरात म्हणाल्या, आता ऐकू या नाट्यसंगीत. “पाहून राहिली का?” अपेक्षा खूश होऊन म्हणाली. “इथं ती बाई बोलून मोकळी झाली, अन् तिथं अजून यायचीच आहे. अर्धा-पाऊण मिनिट लागते तिले अमेरिकेत पोचायला.” तिला ही नुसती गंमत वाटत होती. स्पृहाला मात्र वेगळाच प्रश्न पडला. बोलून झालेलं वाक्य, जे थांबवता येत नाही आणि जे अजून पोचलेलंही नाही, ते त्या वेळात कुठे असतं?

शनिवारी दुपारी, आजी पडल्यावर, तिने शालन मॅडमना फोन लावला. नंबर होता, ‘कधीही कर गं’ असं म्हणून त्यांनीच दिलेला. “मॅडम, माझ्या भाषणात व्याकरणाची चूक राहिलीय.”

“चूक? मी दोनदा ऐकलं. कुठे?”

“ते… अण्णांचं वाक्य आहे ना. त्यात काळ चुकलाय बहुतेक.”

“अरे वा. पुण्याची खरी तू. मग कोणता हवाय तुला, वर्तमान का भूत?”

आजीच्या खोलीतून पंख्याची करकर येत होती. महिनाभर हे सगळं बाबांनी केलं होतं, आजीने केलं होतं. स्पृहाने फक्त बटण फिरवलं होतं. तिच्या स्वतःच्या आवाजाने अजून कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. “वर्तमान,” ती म्हणाली.

“म्हणजे आजोबा आहेत ना?”

“आहेत.” इतकं स्पष्ट, इतकं खणखणीत आलं ते, की तिचीच तिला भीती वाटली.

“शंभर वर्षं जगू देत. मग काळजी कसली करतेस? कार्यक्रम जोडून पुढे गेलाय बाळा, आता त्यातलं अक्षर हलत नाही. उद्या सगळ्यांना बसव, आजोबांना पुढे बसव.”

“पण मॅडम, दोनदा घेतलं होतं ना ते वाक्य. तुम्ही त्यातलं कोणतं ठेवलंत?”

“तेव्हा असं काळबीळ कोण बघतंय गं,” शालन मॅडम हसल्या. “दोनांतलं जे जिवंत वाटलं, ते ठेवलं.”

रविवारी सकाळी आईने शिरा केला. आपल्या मुलीचा रेडिओवर पहिला कार्यक्रम, शिरा नको? बाबांनी आतल्या खोलीतला रेडिओ बाहेर आणून टीव्हीसमोर ठेवला. कार्यक्रम झाल्यावर काकाचा फोन येणारच, म्हणून आजी आधीच तयार होऊन बसली होती: टिकली, मंगळसूत्र, निळी साडी. स्पृहा उभीच होती. ताटलीतला शिरा तिच्याकडे बघत होता. रात्रभर तिने स्वतःला समजावलं होतं की ‘म्हणतात’ असणार, कागदावर तेच होतं, पाठ तेच होतं. आणि सकाळी दात घासताना आरशात बघून तिचे ओठ आपोआप ‘म्हणायचे’ असे हलले होते. निवेदिकेने तिचं नाव घेतलं, शाळेचं नाव घेतलं. आणि मग तो आवाज. तो तिचा नव्हताच. किती आनंदी होता तो! जगात काही वाईट घडू शकतं याची त्याला कल्पनाच नव्हती. बाबा मान डोलवत होते, आई पदराने डोळे टिपत होती, आवाज उड्या मारत पुढे चालला होता, आणि स्पृहाला त्याच्या पुढे धावत जाऊन त्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं. “आमचे अण्णा,” आवाज म्हणाला, आणि जरा थांबला, किती छान थांबला, “म्हणायचे, रेडिओ हा घरातला एकमेव माणूस आहे, जो मला मध्येच तोडत नाही.”

बाबांची मान डोलता डोलता थांबली. आईने पदर तोंडावर धरला. आजीचा हात नुसता वर गेला आणि मंगळसूत्राच्या वाट्यांवर येऊन मिटला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आवाज पुढे बडबडतच होता. आणि स्पृहाच्या डोक्यात एकदम लख्ख पेटलं: अजून पोचलं नाही. इथे अण्णा गेले, तिथे अजून आहेत. भांडी घासत असेल काका, हात फेसात, फोन ओट्यावर, काकू पलंगावरून ऐकत असेल, आणि तिथला आवाज अजून मैदानातल्या माइकच्या गमतीवर असेल. फोन केला तर! फोन आला की अ‍ॅप आपोआप बंद पडतं. तिने टेबलावरचा बाबांचा फोन झडप घालून उचलला, काकाचं नाव दाबलं, कानाला लावला. वाजला. एकदा वाजला. ‘उचल, उचल ना, काका, उचल.’ दुसऱ्यांदा वाजायला लागला आणि मध्येच कटकन तुटला. तिने पुन्हा लावला. पुन्हा कापला. तिला कळायला एक श्वास जावा लागला. काका फोन कापत होता, कारण काका तिलाच ऐकत होता.

मग काही करण्यासारखं राहिलं नाही. रेडिओवर तिचं संपलं, निवेदिकेचं ‘छान, छान’ म्हणून झालं, दुसऱ्या शाळेतला एक मुलगा प्लॅस्टिकबंदीवर बोलायला लागला. ते चौघं तसेच बसून होते. बाबा फक्त म्हणाले, “स्पृहा.” रागावले असते तर बरं झालं असतं. “तिला काही बोलू नकोस, अनंता,” आजी म्हणाली. शिरा गार होत गेला. वेळ किती गेला ते कोणी बघितलं नाही. फोन वाजला तेव्हा आई दचकून उभीच राहिली. व्हिडिओ नव्हता, साधा कॉल होता. बाबांनी स्पीकर लावला.

“दादा! ऐकलं रे!” काकाचा आवाज खोलीभर झाला. “काय आवाज लागलाय कार्टीचा! प्रियू म्हणते, हिला पुढे निवडणुकीला उभी करा. मधे जरा नेट गेलं, थोडं तुटलं, पण बाकी एकदम क्लिअर.” बाबांनी डोळे मिटले. आईने देव्हाऱ्याकडे बघितलं. आजीची मूठ अजून मिटलेलीच होती. “आई, बरी आहेस ना? स्पृहाला दे जरा. आणि स्पीकर बंद कर दादा, तिचं कौतुक मला तिला एकटीलाच सांगायचंय. तुमच्यासमोर केलं की चढेल तिला.”

फोन घेऊन स्पृहा आतल्या खोलीत गेली. आज तिथे रेडिओही नव्हता. पहिल्यांदाच ती खोली खरोखर रिकामी होती. “हं, काका,” ती म्हणाली. पलीकडून आधी पाण्याचा आवाज आला. मग नळ बंद झाला.

“स्पृहा,” काका हळू म्हणाला, “अण्णा काय करतायत?”

हा प्रश्न आजवर तिला कोणी विचारलेला नव्हता. बाबांच्या वाट्याचा प्रश्न होता तो. बाहेर सगळे कान देऊन बसले असणार. “रेडिओ,” ती म्हणाली, “रेडिओ ऐकतायत.”

“हं.” मग आणखी हळू, “कधीपासून ऐकतायत?”

आणि स्पृहाला कळलं. नेटबिट काही गेलं नव्हतं. काका दिवस विचारत होता. तिने आवाज सरळ ठेवला, मोठा नाही, लहान नाही. “भाऊबीज झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. दुपारपासून.”

“खरखर होती का खूप?”

“नाही. अजिबात नाही. झोपले होते… म्हणजे, झोपेतच.”

“बरं.” ओट्यावर काहीतरी ठेवल्याचा, फार हळू ठेवल्याचा आवाज. “हे बघ, मी काही ऐकलेलं नाही. आईला तसंच राहू दे. पुढच्या रविवारी मी विचारीन, तेव्हा दादाला नेहमीसारखं सांगू दे. मी काही ऐकलेलं नाही, स्पृहा. कळलं?”

तिने मान हलवली. मान फोनमधून दिसत नाही हे तिच्या लक्षातच आलं नाही. तेवढ्यात पलीकडे लांबून, दुसऱ्या खोलीतून, प्रियदर्शनीकाकूचा झोपाळू आवाज आला, “माधव, अण्णांना आवडलं का रे तिचं? विचारलंस?”

“विचारलं ना!” काका म्हणाला. मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. हा हसरा होता, मोकळा, थेट बाबांचा रविवारचा आवाज. “अजून रेडिओलाच कान लावून बसलेत म्हणे. उठायला तयार नाहीत.”

काकू हसली. “एकदा तरी फोनवर या म्हणावं त्यांना. निदान बाळ रडलेलं ऐकायला तरी.”

स्पृहाने फोन कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. आता तरी तो थांबेल, आता त्याच्या तोंडून काही निघणार नाही, असं तिला वाटलं, आणि काका जराही न अडखळता म्हणाला, “येतील की.” इतके दिवस ती म्हणतात आणि म्हणायचे, एवढ्या दोनच काळांना घाबरत आली होती. तिसराही एक असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.